नेट मीटरिंग करून घेताना: बिलावरच्या नावापासून ३१ मार्चपर्यंत

आमच्या घरावर सोलर बसून आता वर्ष होत आलं. नेट मीटरिंग म्हणजे गच्चीवर तयार झालेली जास्तीची वीज लाईनवर द्यायची आणि ती आपल्या बिलातून वजा व्हायची. उन्हाळा, पावसाळा आणि आर्थिक वर्षाचा शेवट हे तिन्ही बिलात बघून झालंय, म्हणून आता लिहिते. पॅनल बसल्या बसल्या लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं, कारण पॅनल बसवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड असतं ते कागदांचं एकमेकांशी जुळणं आणि नंतर बिल समजून घेणं. आम्ही सांगलीत राहतो, नदीपासून फार लांब नाही. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आमचे हे नोकरीनिमित्त आठवडाभर पुण्याला, त्यामुळं ऑफिसची बहुतेक कामं मीच केली.

मे २०२४ चं बिल आलं ४३० युनिटचं, पैसे जवळजवळ ५८००. एरवी आमचे महिन्याला २८० ते ३०० युनिट होतात, म्हणजे साडेतीन हजाराच्या आसपास. फेब्रुवारीतच पीएम सूर्यघर योजना जाहीर झालेली, १ कोटी घरांवर सोलर वगैरे, आणि त्यात सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॅटला ७८ हजार आणि त्याच्यावर कितीही बसवा ७८ हजारच. हे सगळं माहीत होतं पण हातात घेतलं नव्हतं, ते त्या बिलानं घ्यायला लावलं.

सुरुवातीला मी कुठल्या सोलरवाल्याला फोन केला नाही, आधी वीजबिल घेऊन बसले आणि तुम्हालाही तेच सांगेन. बिलावर तीन गोष्टी बघायच्या. एक, बिल कुणाच्या नावावर आहे. दोन, मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज वापरायची परवानगी, किती आहे. तीन, मागच्या बारा महिन्यांचे युनिट किती. आमचं बिल सासऱ्यांच्या नावावर होतं, ते जाऊन सहा वर्षं झालेली. आणि मंजूर भार होता १ किलोवॅट, घर बांधलं तेव्हाचा. आपल्याकडं राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या नियमाप्रमाणं सोलर मंजूर भाराच्या आतच बसतं, त्यामुळं तीन किलोवॅट पाहिजे असेल तर भार पण तेवढा पाहिजे. केंद्राच्या नव्या नियमात भार वाढवायचं काम वीज कंपनीनंच करायचंय असं आहे, पण मला वीज कंपनीच्या सबडिव्हिजन ऑफिसमधल्या मॅडमनी सांगितलं की नाव बदलताय तर भाराचा अर्ज पण सोबतच द्या, एकदाच होऊन जाईल. तो सल्ला फार उपयोगी पडला.

नाव कुणाचं लावायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. सिटी सर्व्हे उताऱ्यावर सासूबाई, आमचे हे आणि धाकटे भाऊजी अशी तीन नावं आहेत. मी म्हणलं सासूबाईंचंच लावू, कुणाला काही बोलायला जागा नको. यात एक लक्षात ठेवा, ज्याच्या नावावर बिल त्याच्याच नावानं योजनेच्या पोर्टलवर (वेबसाईटवर) अर्ज आणि सबसिडी पण त्याच्याच बँक खात्यात. म्हणजे बिल, आधार आणि पासबुक या तिन्हीवर नाव अगदी सारखं पाहिजे. सासूबाईंच्या आधारवर सासऱ्यांचं पूर्ण नाव मधे आहे आणि पासबुकवर नुसतं इनिशियल. ते मी जूनमध्येच बघितलं आणि बँकेत केवायसीचा फॉर्म भरून दिला, तिथून "होऊन जाईल" असं उत्तर मिळालं. याचं पुढं काय झालं ते येईलच.

१० जूनला नाव बदलायचा अर्ज केला. सासऱ्यांचा मृत्यू दाखला, सिटी सर्व्हे उतारा, चालू वर्षाची घरपट्टी पावती, सासूबाईंचं आधार आणि त्यांच्या दोन्ही मुलांचं स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र एवढं लागलं. मागची थकबाकी नसल्याचं तिथंच कॉम्प्युटरवर बघतात. भारवाढीचे आणि वाढीव सुरक्षा ठेवीचे पैसे फर्म कोटेशन (किती पैसे भरायचे ते सांगणारा कंपनीचा कागद) आल्यावर ऑनलाईन भरले. जुलैच्या शेवटी नदी वाढायला लागली तसं सगळंच थांबलं, २०१९ आणि २०२१ बघितलेल्या माणसाला त्या दिवसांत खालचं सामान वर न्यायचं सोडून दुसरं काही सुचत नाही. ऑगस्टच्या बिलावर सासूबाईंचं नाव आणि ३.५ किलोवॅट भार छापून आला. सासूबाईंनी ते बिल देवापुढं ठेवलं. इतकी वर्षं घर त्यांनी चालवलं आणि त्यांच्या नावाचं पहिलं बिल ते.

२१ ऑगस्टला पोर्टलवर नोंदणी केली. राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक, मोबाईल, ईमेल. मोबाईल नंबर घरातलाच द्या, सोलर बसवणाऱ्या एजन्सीवाल्याचा नको, कारण पुढचे सगळे ओटीपी आणि मेसेज त्यावर येतात आणि अर्ज कुठं अडकलाय ते आपल्याला आपलं बघता येतं. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्रानं ग्राहक हक्क नियमांत बदल केला, तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी लागत नाही, अर्ज पूर्ण असला की तो मंजूर झाला असंच धरतात. त्यामुळं आमची मंजुरी लगेच आली. ज्या टप्प्याची मला जास्त भीती होती तो असा चुटकीसरशी झाला.

मग एजन्सी. पोर्टलवर नोंदणी असलेल्यांपैकीच निवडायची, नाहीतर सबसिडी नाही. मी तीन कोटेशनं घेतली, १ लाख ७५ हजार, १ लाख ९८ हजार आणि २ लाख १५ हजार. एकाच गावात एकाच कामाचे एवढे वेगळे आकडे कसे म्हणून मी तिघांना तेच तेच प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीत लिहून घेतली. पॅनल डीसीआर आहेत का, म्हणजे पॅनलच्या आतले सेल सुद्धा भारतात बनलेले आहेत का, कारण सबसिडीला तेच लागतात, आणि ते बाकीच्यांपेक्षा महाग असतात. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र (बॅटरीवाला घरगुती इन्व्हर्टर नव्हे), किती किलोवॅटचा, कारण पॅनल आणि इन्व्हर्टर यात ज्याची क्षमता कमी त्यावर सबसिडी धरतात, पॅनल सव्वातीन आणि इन्व्हर्टर अडीचचा घातला तर ७८ हजार येणार नाहीत. स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) आहे की साध्या लोखंडाला चंदेरी रंग मारलेलं. अर्थिंग किती. जीएसटी धरून का सोडून. आणि पाच वर्षं देखभाल, जी या योजनेत एजन्सीलाच करायची असते, ती लेखी देणार का. सगळ्यात स्वस्तवाल्याचे पॅनल डीसीआर नव्हते, ते त्यानं तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. मी मधलं कोटेशन घेतलं.

किती किलोवॅट घ्यायचं याचा हिशोब मात्र स्वतः करा, एजन्सी नेहमी मोठंच सांगते. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतं. २०२४-२५ मध्ये आपल्याकडं पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये दर होता, १०१ ते ३०० ला १०.२९ आणि ३०१ ते ५०० ला १४.५५. त्यावर युनिटमागं १.१७ वहन आकार आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. सोलरचे युनिट वजा होतात ते वरून वजा होतात, म्हणजे आधी महागडे जातात आणि शेवटी स्वस्तातले शंभर उरतात. म्हणजे पहिल्या किलोवॅटनं वाचणारं युनिट सगळं धरून तेरा रुपयांच्या वर पडतं आणि शेवटच्या किलोवॅटनं वाचणारं सात रुपयांच्या आत. ज्यांचं घर महिन्याला दीड-दोनशे युनिटचं आहे त्यांनी तीन किलोवॅटच्या मागं लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, दोनमध्ये सबसिडी पण टक्क्यानं जास्त बसते. (दर जुलै २०२५ पासून बदललेत, तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचे घ्या.) आमचा उन्हाळा बघून आम्ही ५४० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॅट घेतले.

आमच्याकडं अडलं ते वाळवणावर. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडया, सांडगे, शेवया, हळद, तिखटाच्या मिरच्या सगळं असतं आणि सासूबाईंनी एकच अट घातली, गच्ची गेली नाही पाहिजे. त्यांचं बरोबरच होतं. मग पॅनल आठ फूट उंचीच्या स्ट्रक्चरवर घ्यायचं ठरलं, त्याचे १४ हजार वेगळे. उंच स्ट्रक्चर घेणार असाल तर वाऱ्याचा विचार करा, पाय नुसते स्लॅबवर बोल्टनं न कसता खाली काँक्रीटचे ठोकळे घालून घ्या आणि स्लॅब फोडायला लागली तर वॉटरप्रूफिंग कोण करणार ते आधी ठरवा.

गणपती झाले, पितृपंधरवड्यात नवीन वस्तू नको म्हणून थांबलो, दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि १४ ला माणसं आली. दोन दिवसांत स्ट्रक्चर, तिसऱ्या दिवशी पॅनल आणि वायरिंग. इन्व्हर्टर सगळे खाली मीटरच्या शेजारी लावतात, मी तो जिन्याच्या खोलीत वर लावून घेतला. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे कराच, एसी-डीसीचे बॉक्ससुद्धा वर. वायर थोडी जास्त लागते, लागू दे. अर्थिंगच्या वेळी मी समोर उभी होते. एक पॅनल-स्ट्रक्चरचं, एक इन्व्हर्टरचं आणि एक वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळईचं) असे तीन वेगळे खड्डे कोटेशनमध्ये लिहिलेले होते आणि पोरं दोनातच उरकायला बघत होती. वीजरोधकाचं अर्थिंग दुसऱ्या कशाला जोडलं तर वीज पडल्यावर ती इन्व्हर्टरमध्ये येण्याची भीती, म्हणून मी तिसरा खड्डा काढल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं. काढला. भांडावं लागलं नाही, कोटेशन हातात धरून उभं राहिलं तरी पुरतं.

पैसे आम्ही तीन टप्प्यांत दिले. बुकिंगला तीस टक्के, माल गच्चीवर आल्यावर साठ, आणि उरलेले दहा नेट मीटर लागून पोर्टलवर काम पूर्ण दिसल्यावर. हा शेवटचा दहा टक्क्यांचा टप्पा सोडू नका, कारण पॅनल बसले की एजन्सीच्या दृष्टीनं काम संपलेलं असतं आणि आपलं तर अर्ध्यावर असतं. आम्ही घरातल्या एफडीवर भागवलं, कर्ज काढलं नाही, पण शेजारच्यांनी याच योजनेतलं विनातारण कर्ज काढलं, त्याला तेव्हा साधारण सात टक्के व्याज होतं. साठीच्या पुढचा अर्जदार असेल तर सहकर्जदाराची तयारी ठेवा, त्यांच्याकडं मुलाची सही मागितली.

आता खरी वाट बघायची वेळ. काम झाल्याचा रिपोर्ट, पॅनलचे सिरीयल नंबर, डीसीआरचं सर्टिफिकेट, साईटचे फोटो हे एजन्सी पोर्टलवर टाकते. नेट मीटरिंगचा करार स्टॅम्प पेपरवर केला, आणि नेमका त्याच महिन्यात शंभरचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा सुरू झालेला, त्यामुळं तिथं ५०० गेले. पहिल्या वेळी एजन्सीच्या मुलानं फोटोत सिरीयल नंबर दिसत नाहीत असेच फोटो टाकले आणि अर्ज परत आला. पॅनल चढवायच्या आधी, खाली असतानाच, प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो मी माझ्या मोबाईलमध्ये काढून ठेवलेला, तो दिला आणि काम झालं. एकदा पॅनल आठ फुटांवर गेले की तो स्टिकर दिसायला शिडी लागते.

मग दिवाळी आली आणि लगोलग विधानसभा, २० नोव्हेंबरला मतदान. ऑफिसातली निम्मी माणसं निवडणुकीच्या ड्युटीवर. मीटर टेस्टिंगला गेलंय, येईल, एवढंच कळायचं. दिवाळीतलं ते स्वच्छ ऊन, वर पॅनल चकाकतायत आणि खाली जुनं मीटर फिरतंय. जीव तुटायचा. एजन्सीचा मुलगा म्हणाला, "वैनी, नुसतं टेस्टिंग म्हणून चालू करून ठेवू का, काय होत नाही." मी नको म्हणलं, आणि हे प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. बऱ्याच जुन्या डिजिटल मीटरला वीज आत येतीय का बाहेर जातीय ते कळत नाही, आपण बाहेर पाठवलेलं युनिटसुद्धा ते वापर म्हणूनच मोजतं. म्हणजे फुकटात वीज द्यायची आणि वर तिचंच बिल भरायचं. शिवाय परवानगीशिवाय लाईनवर वीज सोडणं बेकायदा आहे ते वेगळंच. नेट मीटर लागेपर्यंत इन्व्हर्टरचा स्विच बंदच.

२७ नोव्हेंबरला वायरमन दादा आणि एक इंजिनिअर आले. दोन मीटर असतात, एक आवक-जावक मोजणारं नेट मीटर आणि दुसरं सोलरनं एकूण किती तयार केलं ते मोजणारं. मीटरचे पैसे आम्हाला पडले नाहीत. इंजिनिअरनी अर्थिंग बघितलं, मग मेन स्विच बंद करून इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो का ते बघितलं. हे का, तर लाईन गेल्यावर खांबावर माणूस काम करत असतो, तेव्हा आपल्या गच्चीवरून त्याच्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. त्यामुळं बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेली की बंद होतंच, कितीही ऊन असू दे. आम्हाला अजून लोक विचारतात, तुमच्याकडं सोलर असून लाईट कशी गेली म्हणून. ज्यांना लोडशेडिंगसाठीच सोलर पाहिजे त्यांनी बॅटरीवालं हायब्रीड बघावं, खर्च बराच वाढतो.

त्याच दिवशी दोन्ही मीटरचं सुरुवातीचं रीडिंग फोटो काढून ठेवलं. मीटरवर आकडे एकामागून एक बदलत राहतात, त्यात इम्पोर्ट (लाईनवरून घेतलेले युनिट) आणि एक्स्पोर्ट (बाहेर दिलेले) कुठला ते वायरमन दादांकडून समजून घेतलं आणि मीटरच्या बॉक्सला चिठ्ठी चिकटवली. तेव्हापासून दर एक तारखेला मुलगी फोटो काढते.

पोर्टलवर कमिशनिंग (सोलर रीतसर सुरू) झाल्याचं दिसल्यावर ६ डिसेंबरला बँकेची माहिती आणि कॅन्सल चेक टाकून सबसिडीची मागणी केली. आणि तिथं ते नावाचं निघालं. जूनमध्ये दिलेला केवायसीचा फॉर्म बँकेत नुसताच पडून होता, पासबुकवर इनिशियल तसंच, त्यामुळं माहिती जुळत नाही म्हणून परत. फॉर्मची पोच पावती माझ्याकडं होती, ती मॅनेजरसाहेबांपुढं ठेवली, त्यांनी समोर बसून नाव दुरुस्त करून दिलं. परत मागणी केली, ९ जानेवारी २०२५ ला ७८ हजार जमा झाले. मेसेज सासूबाईंच्या फोनवर आला, त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला. एकूण खर्च २ लाख १२ हजार, त्यातून हे वजा जाता १ लाख ३४ हजार. किरकोळ कागद, स्टॅम्प, झेरॉक्स, रिक्षा वेगळे. आमच्या जुन्या बिलांच्या हिशोबानं साडेतीन ते चार वर्षांत फिटतील असं वाटतंय.

पहिलं बिल बघून मात्र पोटात गोळा आला. डिसेंबरच्या बिलात एक्स्पोर्टच्या रकान्यात शून्य आणि इम्पोर्ट पूर्ण लावलेला. मीटर बदलाच्या महिन्यात असं होऊ शकतं, सिस्टीममध्ये ग्राहक नेट मीटरिंगचा म्हणून चढलेला नसतो. घाबरू नका. फोटो, मीटर बदलल्याचा रिपोर्ट आणि साधा अर्ज घेऊन बिलिंगच्या टेबलला गेले, पोच घेतली, पुढच्या बिलात ते युनिट वळते झाले. पोच मात्र प्रत्येक अर्जाची घ्या, पुढं तीच कामाला येते.

जानेवारीचं बिल हे पहिलं खरं बिल. सोलरनं तयार केले ३६०, त्यातले २७० बाहेर गेले, म्हणजे ९० आम्ही दिवसा थेट वापरले. रात्री आणि सकाळी लाईनवरून घेतले १९०. म्हणजे आमचा खरा वापर २८०, आणि १९० उणे २७०, म्हणजे ८० युनिट आमचे जमा. बिल आलं स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क, दीडशेच्या घरात. शून्य बिल म्हणून जाहिराती करतात तसं शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच, आणि तो राहणं मला रास्त वाटतं, रात्रभर आपण त्यांचीच लाईन वापरतो.

घरगुती नेट मीटरिंगची मोठी सोय ही की दिवसाचं युनिट आणि रात्रीचं युनिट एकास एक वळतं होतं, त्यामुळं पंप किंवा मशीन दुपारीच लावा असं काही नाही. जमा युनिट पुढच्या महिन्यात जातात. पण हे चालतं ३१ मार्चपर्यंतच. १ एप्रिलला खातं शून्य होतं, आणि उरलेल्या युनिटांचे पैसे आयोगानं ठरवलेल्या दरानं बिलात जमा होतात, जो दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. आता आपल्याकडचं बघा, डिसेंबर ते मार्च ऊन चांगलं आणि वापर कमी, म्हणजे युनिट साठायचे महिने हेच, आणि ज्यासाठी साठवायचे तो एप्रिल-मे नेमका कोरा सुरू होतो. आमचे मार्चच्या सुरुवातीला दोनशेच्या वर जमा होते. मग तो महिनाभर मी स्वयंपाक बराचसा इंडक्शनवर केला, गाद्यांच्या खोळी, पडदे, रजया सगळं मशीनला लावलं, गॅस वाचला तेवढाच. तरी थोडे उरलेच. म्हणून म्हणते, उगाच जास्त किलोवॅट बसवून वीज विकून पैसे मिळवू हा विचार घरगुती सोलरमध्ये करू नका, हे विकायचं दुकान नाही, आपला वापर भागवायची सोय आहे.

एप्रिल चांगला गेला. आम्हाला वाटायचं मे महिना सगळ्यात भारी जाणार, पण पॅनल तापले की वीज कमी करतात, फेब्रुवारी-मार्चचं कोवळं-कडक ऊन त्यांना जास्त मानवतं. त्यात २०२५ चा मे सगळ्या महाराष्ट्रात पावसातच गेला, वाळवण निम्मं राहिलं आणि युनिटही. जून ते ऑगस्ट तर महिन्याला दोनशेच्या आसपासच, त्यामुळं बिलं पाच-सातशेची, एक त्याहून जास्तीचं आली. वर्षाचं मिळून बघायचं, एका महिन्याचं बघून हुरळायचं नाही आणि हबकायचंही नाही.

पॅनल धुणं पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर, काच थंड असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचे पांढरे डाग बसायला लागले म्हणून आता नळाच्या पाण्यानं धुते. खाली उभं राहून लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरतो.

हे सगळं बघून भाऊजींनी कुपवाड एमआयडीसीतल्या त्यांच्या मसाल्याच्या कारखान्यावर बसवायचं मनावर घेतलंय, आणि तिथला हिशोब पूर्ण वेगळा निघाला. धंद्याच्या जोडणीला सबसिडी नाही, त्याऐवजी आयकरात ४० टक्के घसारा (यंत्राची झीज म्हणून नफ्यातून वजावट) मिळतो. डीसीआर पॅनलची सक्ती २०२५ मध्ये तरी नव्हती. १० किलोवॅटच्या वरचा अर्ज आपोआप मंजूर होत नाही, ट्रान्सफॉर्मर वगैरे बघून तांत्रिक मंजुरी देतात, त्याला नियमात १५ दिवस आहेत. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या मीटरला वेळेप्रमाणं दर आहेत. दिवसाच्या स्लॉटमध्ये जास्तीचं झालेलं युनिट संध्याकाळच्या महाग स्लॉटमध्ये वळतं होत नाही, ते स्वस्त वेळेतलं म्हणूनच धरतात. म्हणजे घरी जे मी म्हणलं की मशीन कधीही लावा, ते कारखान्याला लागू नाही. भाऊजींची कांडप मशीन आत्तापर्यंत संध्याकाळी चालायची, माणसं तेव्हा मोकळी असायची म्हणून. आता ती सकाळी दहा ते चारमध्ये आणता येतात का हे ते आधी दोन महिने चालवून बघतायत, आणि त्यावर किती किलोवॅट घ्यायचं ते ठरवणार आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळं त्यांनी उन्हाळ्यात घेतलेली कोटेशनं परत मागवलीत. तुमच्या हातात त्या तारखेच्या आधीचं कोटेशन असेल तर तुम्हीही नवीन मागून घ्या.